बोट बुडाली नाही, पण आतून गेली: पंचनाम्यात न दिसणाऱ्या नुकसानीचं गणित

नामपूरला समुद्र नाही. मोसम नदी आहे, वर हरणबारी धरण आहे आणि गावाची खरी ओळख म्हणजे कांदा. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात तो हा पट्टा. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, चाळीत पाणी शिरलं तर काय होतं? तो सांगेल की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. वरचा थर कोरडा, सालपट चकचकीत. आठ-दहा दिवसांनी वास सुटतो आणि हात घातला की आतला कांदा पाणी झालेला असतो.

आता नामपूरपासून थेट कोकण किनाऱ्यावर जाऊ. वादळात एखादी मासेमारी बोट अर्धी पाण्यात गेली, मग ओढून किनाऱ्याला आणली. बाहेरून पाहिलं तर सांगाडा शाबूत आहे, रंग थोडा खरवडलाय एवढंच. पण इंजिनात खारं पाणी आहे, वायरिंग भिजलंय, केबिनचं प्लायवूड फुगायला लागलंय आणि मासळी ठेवायच्या कप्प्याच्या भिंतीत पाणी मुरलंय. बोट बुडाली नाही, पण आतून गेली.

ही दोन दृश्यं एकत्र आणायचं कारण असं की नामपूरचा शेतकरी आणि कोकणातला नाखवा या दोघांचं नुकसान सरकार एकाच यादीवरून मोजतं. ती म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या, म्हणजे एसडीआरएफच्या निकषांची यादी. दोघांचीही अडचण सारखीच आहे. यादी बाहेरचं नुकसान मोजते आणि पाणी आतलं नुकसान करतं.

बोटीच्या बाबतीत हे गणित नेमकं कुठे बिघडतं, ते समजून घेऊ.

यादीत बोटीसाठी किती पैसे आहेत?

एसडीआरएफमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. कुठल्या नुकसानीला किती मदत द्यायची, याचे दर केंद्रीय गृह मंत्रालय ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले मच्छीमारांचे दर असे आहेत:

- अंशतः नुकसान झालेल्या बोटीची दुरुस्ती: ६,००० रुपये
- पूर्ण नष्ट झालेली बोट: १५,००० रुपये
- अंशतः फाटलेली जाळी: ३,००० रुपये
- पूर्ण नष्ट झालेली जाळी: ४,००० रुपये

त्याआधीचे दर आणखी कमी होते. दुरुस्तीला ४,१०० आणि पूर्ण नष्ट बोटीला ९,६०० रुपये. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा हेच दर लागू होते. ते फारच अपुरे आहेत हे दिसल्यावर राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून भर घालून दुरुस्तीसाठी १० हजार आणि पूर्ण नष्ट बोटीसाठी २५ हजार रुपये असा वाढीव दर लावला होता.

आता हा आकडा कमी आहे की बरा, हे ठरवायला दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघायला हवं. त्यासाठी सरकारचाच आकडा घेऊ. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या बोटीच्या जागी नवी बोट आणि जाळी घ्यायची असेल, तर त्याचा खर्च ५ लाख रुपये धरला आहे. त्यावर अनुदान मिळतं. म्हणजे सरकारच्या एका कागदावर छोट्या बोटीची किंमत जाळीसकट ५ लाख आहे आणि दुसऱ्या कागदावर तीच बोट पूर्ण नष्ट झाली तर १५ हजार. हे झाले ३ टक्के. दुरुस्तीचे ६ हजार म्हणजे सव्वा टक्काही नाही. त्याच योजनेत खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीचा खर्च १ कोटी २० लाख धरला आहे. तिचा हिशेब तर करायलाच नको.

घराचं काय? एसडीआरएफमध्ये मैदानी भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये आहेत. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत नवं घर बांधायलाही मैदानी भागात १ लाख २० हजारच मिळतात. म्हणजे घराच्या बाबतीत मदतीचा दर आणि योजनेचा दर जुळवून घेतलेला आहे. बोटीच्या बाबतीत ही जुळणी झालेलीच नाही.

यादीला बोटीचं ‘आत’ माहीतच नाही

पैसे कमी असणं हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग यादीच्या भाषेत दडलाय.

निकषांच्या यादीत मच्छीमारांच्या मदतीखाली चार गोष्टी येतात: बोट, एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी, कॅटमरान आणि जाळी. कॅटमरान हा मूळ तमिळ शब्द. त्याचा अर्थ बांधलेले ओंडके. पूर्व किनाऱ्यावर असे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यांवर पिढ्यानपिढ्या मासेमारी झाली.

कोरलेल्या होडीला आणि ओंडक्यांच्या तराफ्याला आतली बाजू नसते. केबिन नाही, वायरिंग नाही, बर्फाचा कप्पा नाही. पाणी आलं, उपसलं, संपलं. तुटलं तर लाकूड बदललं. अशा होड्यांसाठी ‘बोट आणि जाळी’ एवढी वर्गवारी पुरेशी आहे.

पण हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, सातपाटी किंवा ससून डॉकला उभ्या असलेल्या बोटी बघा. ट्रॉलर असो की गिलनेटची बोट, आत डिझेल इंजिन आहे. बॅटऱ्या आहेत. जीपीएस, वायरलेस आणि मासळीचा थवा शोधणारं यंत्र आहे. खलाशांना झोपायला, जेवण करायला केबिन आहे. बर्फ आणि मासळी ठेवायला भिंतीत फोम भरलेले कप्पे आहेत. अशा बोटीत मालकाचा बराचसा पैसा आतच असतो. मदतीच्या यादीत मात्र या कशाचीच वेगळी ओळ नाही.

गंमत म्हणजे घराच्या आतल्या वस्तूंची दखल यादीने घेतलेली आहे. घर वाहून गेलं, पडलं किंवा बराच काळ पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी-घरगुती सामानासाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब असे वेगळे दर आहेत. रक्कम थोडी आहे, पण तत्त्व मान्य केलंय की भिंती आणि भिंतींच्या आतलं सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटीसाठी हे तत्त्व अजून लागू व्हायचंय.

पाणी आत गेल्यावर नेमकं काय होतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बोटीत हजार लिटर पाणी शिरलं आणि ते तसंच वाळू दिलं तर मागे सुमारे ३५ किलो मीठ राहतं. हे मीठ फटीफटीत, वायरच्या टोकांवर आणि लाकडाच्या रेषांमध्ये जाऊन बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, हे पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघून सगळ्यांनाच माहीत आहे. बोटीत तेच होतं. वरून कोरडा दिसणारा भाग दमट हवा आली की पुन्हा ओला होतो.

इंजिन: भिजलेलं इंजिन लगेच सुरू करून बघणं ही सगळ्यात महागडी चूक ठरते. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला रॉड वाकू शकतो. खाऱ्या पाण्याने गंज धरायला काही तासच लागतात. त्यामुळे गोड्या पाण्याने धुणं, पाणी मिसळलेलं तेल काढून टाकणं आणि नवं तेल भरून पुन्हा बदलणं हे काम जितक्या लवकर होईल तितकं इंजिन वाचतं.

वायरिंग: तांब्याची तार आवरणाच्या आतून हिरवी-काळी पडत जाते. आज दिवा लागतो, महिन्याभराने लागत नाही. गंजलेल्या जोडावर तार तापते आणि डिझेल असलेल्या बोटीत तापलेली तार म्हणजे आगीची शक्यता.

लाकूड आणि प्लायवूड: इथे एक उलटी गोष्ट आहे. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी वाढत नाही, ती पावसाच्या पाण्यावर वाढते. वादळात समुद्राचं पाणी आणि पाऊस दोन्ही आत येतात आणि नंतरचा पावसाळा कुजण्याचं काम पूर्ण करतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. साध्या प्लायवूडचे थर पाण्याने सुटतात आणि एकदा सुटलेले थर पुन्हा चिकटत नाहीत.

बर्फाचा कप्पा: फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. वरच्या थराला तडा गेला की पाणी फोममध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. बोट जड होते, डिझेल जास्त जळतं, बर्फ लवकर वितळतो आणि मासळीचा दर्जा घसरतो. हे नुकसान एकदा होऊन थांबत नाही, प्रत्येक फेरीला होत राहतं.

आता यातलं पंचनाम्याच्या दिवशी किती दिसतं? तारा तापायच्या असतात, प्लाय फुगायचं असतं, फोममधलं पाणी बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे कागदावर ‘अंशतः नुकसान’ लिहिलं जातं. ते खोटं नसतं, पण त्या दिवसापुरतंच खरं असतं.

नौदलाची उदाहरणं काय सांगतात?

जहाजाच्या आत शिरलेलं पाणी किती मोठं काम लावतं, हे मुंबईतल्या नौदल गोदीने गेल्या काही वर्षांत अनेकदा पाहिलंय.

३० जानेवारी २०११ ला आयएनएस विंध्यगिरी मुंबई बंदराजवळ एका मालवाहू जहाजाला धडकली. आग लागली, ती विझवली गेली आणि दुसऱ्या दिवशी जहाज गोदीतच बुडालं. नंतर ते वर काढलं, पण पुन्हा सेवेत आलं नाही. ५ डिसेंबर २०१६ ला आयएनएस बेतवा गोदीतून बाहेर काढताना एका बाजूला कलंडली. दोन नौसैनिकांचा मृत्यू झाला. तिला फेब्रुवारी २०१७ मध्ये सरळ उभं केलं गेलं, दुरुस्ती झाली आणि ती पुन्हा सेवेत आली. २१ जुलै २०२४ ला दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आग विझली, दुपारी जहाज एका बाजूला झुकलं आणि आडवं झालं. त्यात एका नौसैनिकाचा जीव गेला.

युद्धनौका आणि मासेमारी बोट यांची तुलना खर्चात होऊच शकत नाही. पण एक गोष्ट दोघींना लागू पडते. जहाजाच्या आतलं पाणी मोकळं असेल तर ते झुकलेल्या बाजूला धावतं आणि जहाज आणखी झुकतं. बेतवासारख्या जहाजालाही नुसतं सरळ उभं करून भागलं नाही. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

नौदलाकडे गोदी आहे, अभियंते आहेत, वेळ आहे. कोकणातल्या नाखव्याकडे काय आहे? त्याच्याकडे कॅलेंडर आहे आणि तेच त्याच्या विरोधात जातं.

वेळेचं गणित का जमत नाही?

महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यंत्रावर चालणाऱ्या बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. मासळीचा प्रजननकाळ आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणं. या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि दुरुस्तीची कामं उरकतात. १ ऑगस्टला नवा हंगाम सुरू होतो.

आता वादळांच्या तारखा बघा. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर कोकणाला घासून गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला थेट रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दोन्ही वेळा पाठोपाठ पावसाळा आला. म्हणजे बोट वाळवायला सगळ्यात कमी ऊन असलेले दोन-अडीच महिने आणि त्यानंतर लगेच हंगाम.

भिजलेली बोट आतून दुरुस्त करताना वाळवणं हा सगळ्यात लांब टप्पा असतो. सुतार दोन दिवसांत नवीन फळ्या ठोकतो, पण खालचं लाकूड ओलं असेल तर त्या फळ्या ओलावा आत कोंडून ठेवतात. वरून रंग दिला की काम झाकलं जातं. ऑगस्टमध्ये बोट नवी दिसते आणि दिवाळीपर्यंत आतून मऊ पडायला लागते.

मालकाला हे कळत नाही का? चांगलं कळतं. पण दोन महिने उत्पन्न बंद असतं, कर्जाचा हप्ता चालू असतो, खलाशांना आगाऊ रक्कम दिलेली असते. हातात सरकारी मदतीचे काही हजार आणि सावकाराचे बाकीचे. अशा वेळी ‘पूर्ण वाळू दे, मग बघू’ हा सल्ला बरोबर असला तरी परवडणारा नसतो. म्हणून बोट ओली असतानाच समुद्रात जाते. याची किंमत पैशांत तर मोजावी लागतेच, पण किनाऱ्यापासून कित्येक मैल आत इंजिन बंद पडलं, वायरलेस मुका झाला किंवा तारेने पेट घेतला तर प्रश्न बोटीवरच्या माणसांच्या जिवाचा होतो.

मग बोट आतून नीट दुरुस्त करायची क्रमवारी काय?

हा क्रम बोटीसाठी आहे, पण पुरात बुडालेलं घर किंवा दुकान सावरतानाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. आधी बॅटरीची जोडणी तोडायची. कुठलंही बटण दाबून ‘चालतंय का’ बघायचं नाही.

२. मासळीच्या बंद कप्प्यात लगेच उतरायचं नाही. सडलेल्या मासळीतून विषारी वायू तयार होतो आणि बंद जागेत तो काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. झाकणं उघडून, हवा खेळू देऊन, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवूनच आत जायचं.

३. काहीही काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्यायचे. पाणी कुठवर चढलं त्याची खूण, इंजिनचा क्रमांक, प्रत्येक यंत्र, प्रत्येक कप्पा. विम्याला आणि पंचनाम्याला हाच पुरावा असतो.

४. पाणी उपसल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. आधीच भिजलेली बोट पुन्हा का भिजवायची, असं वाटेल. पण मीठ निघाल्याशिवाय ती वाळणार नाही.

५. इंजिन मेकॅनिककडून उघडून घ्यायचं. जितका उशीर तितका गंज.

६. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लाय आणि आतलं अस्तर काढून टाकायचं. बोट आतून उघडी केल्याशिवाय सांगाड्याला हवा लागत नाही.

७. वाळवायचं. लाकडातला ओलावा मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. अंदाजापेक्षा त्यावर विश्वास ठेवलेला बरा.

८. मग तारा, मग कप्प्यांचा फोम, मग लाकूडकाम आणि सगळ्यात शेवटी रंग.

घाईच्या दुरुस्तीत नेमका हाच क्रम उलटा होतो. रंग आधी येतो, कारण तो दिसतो.

विमा नाही का?

आहे, पण नीट समजून घ्यायला हवा. मत्स्य संपदा योजनेतून मच्छीमारांचा अपघात विमा काढला जातो. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजार रुपये अशी तरतूद आहे. हा माणसाचा विमा झाला. बोटीचा विमा वेगळा काढावा लागतो आणि त्याच्या हप्त्यात मदत करण्याची तरतूदही योजनेत आहे.

बोटीच्या विम्यात दोन गोष्टी तपासून घ्यायच्या. पहिली, पॉलिसी फक्त पूर्ण नुकसानीची आहे की अंशतः नुकसानही धरते. फक्त पूर्ण नुकसानीची असेल तर बुडालेल्या बोटीला पैसे मिळतील आणि आतून भिजलेल्या बोटीला काहीच नाही. दुसरी, इंजिन आणि यंत्रांची किंमत पॉलिसीत वेगळी नोंदवली आहे का. शिवाय हळूहळू होणारी झीज आणि गंज विमा कंपन्या सहसा धरत नाहीत. खाऱ्या पाण्याचं नुकसान तर हळूहळूच बाहेर येतं. त्यामुळे पहिल्या काही दिवसांतले फोटो नसतील तर ‘हा गंज वादळाचा की जुना’ हा वाद मालकाला जिंकता येत नाही.

सरकारची बाजू काय?

ती ऐकायलाच हवी. एसडीआरएफची रक्कम ही नुकसानभरपाई नसून तातडीची मदत आहे, ही सरकारची भूमिका आहे आणि कागदावर ती बरोबर आहे. आपत्तीनंतर लाखो लोकांना थोड्या दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्येक वस्तूची किंमत काढत बसलं तर मदत पोचायला वर्ष लागेल. शिवाय ‘आतलं नुकसान’ दाखवून खोटे दावे करणं सोपं आहे, जुनं बंद पडलेलं इंजिनही वादळाच्या नावावर खपवता येतं.

या शंका रास्त आहेत, पण त्यांवर उत्तरं आहेत. मासेमारी बोटीची नोंदणी असते, परवाना असतो. नोंदणीत इंजिनचा तपशील असतो. दरवर्षी हंगामाआधी बोटीच्या आतल्या यंत्रांची फोटोसह नोंद करून ठेवली तर वादळानंतर काय होतं आणि काय गेलं, हे पडताळायला अवघड जाणार नाही. पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये ‘बोट’ या एका ओळीऐवजी सांगाडा, इंजिन, वायरिंग-यंत्रं आणि मासळीचे कप्पे अशा चार ओळी करता येतील. आणि तीन आठवड्यांनी दुसरी पाहणी ठेवली तर पहिल्या दिवशी लपलेलं नुकसान समोर येईल. बंदरांवर पावसात बोटी वाळवायला छप्पर असलेली जागा मिळाली तर अर्धं काम तिथेच होईल.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीज आणि विम्यात शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा त्यामागचा विचार. पण आपत्तीच्या मदतीत शेतकऱ्यासारखं वागवलं जाणं म्हणजे काय, हे पाहायला पुन्हा नामपूरला यावं लागेल.

कांदा आणि बोट: एकच अडचण

पिकाच्या नुकसानीची मदत पेरणीच्या क्षेत्रावर मोजतात. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर बागायती पिकाला एसडीआरएफच्या दराने हेक्टरी १७ हजार रुपये. शेतात उभा कांदा भिजला तर तो या हिशेबात येतो. पण तोच कांदा काढून, निवडून, चाळीत भरला आणि मग भिजला, तर तो ‘क्षेत्र’ राहत नाही. शेतकऱ्याचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, माल विकायला तयार असतो आणि नेमका तेव्हाच तो यादीतून बाहेर पडतो. मे २०२५ च्या अवकाळी पावसात नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांनी हा अनुभव घेतलाय.

यादीची सवय डोळ्यांना दिसेल ते मोजायची आहे. उभं पीक, पडलेली भिंत, फुटलेली बोट. चाळीच्या आतला कांदा आणि बोटीच्या आतलं इंजिन तिला दिसत नाही.

या दरांची मुदत २०२५-२६ पर्यंतची आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. दर ठरताना चर्चा बहुतेक आकड्यांवर होते, सहाचे दहा करा, पंधराचे पंचवीस करा. आकडे वाढायलाच हवेत. पण ‘बोट’ म्हणजे कोरलेली होडी असं धरून चालणारी यादी तशीच राहिली, तर वाढलेल्या आकड्यातही इंजिन, तारा आणि बर्फाचा कप्पा बसणार नाही.

त्यामुळे पुढच्या वादळानंतर टीव्हीवर किनाऱ्याला लागलेल्या बोटींची दृश्यं दिसतील आणि खाली ‘अंशतः नुकसान’ अशी पट्टी फिरेल, तेव्हा एक लक्षात ठेवा. त्या बोटीचं खरं नुकसान मोजायला तीन आठवडे थांबून झाकण उघडून बघावं लागतं. चाळीत हात घालून कांदा बघतात, तसंच.